रिस्टोरेशन अर्ध्यावर अडकलंय, शेडवर जावंसंच वाटत नाही: माझं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या एका भावांनी आजोबांचा साठच्या दशकातला बोनेटवाला टाटा मर्सिडीज ट्रक रिस्टोर करायला घेतलाय, शिळफाट्याजवळ भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा आहे, तीन वर्षं झाली. इंजिन एका वर्कशॉपला दिलंय, केबिन उतरवून बाजूला ठेवलीय, हौदा, म्हणजे मागचा माल भरायचा भाग, काढलाय, चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, लाकडी ठोकळ्यांवर आहे. पहिल्या वर्षी दर रविवारी जायचे, आता महिना महिना जाणं होत नाही, गेले तरी तासभर इकडचं तिकडे करून परत येतात. घरचे म्हणतात विकून टाक. आणि विचारलंय की एवढं लांबलचक काम चालू असताना मोटिव्हेशन टिकवायचं कसं.

मी हे काम धंदा म्हणून करतो, रबाळे एमआयडीसीत छोटं शेड आहे, जुन्या जीप, फारगो, बेडफर्ड, टाटा मर्सिडीज असं जे येईल ते. लोकांचे अर्धवट सोडलेले प्रोजेक्ट पण माझ्याकडे बरेच येतात, त्यामुळे माणूस नक्की कुठे थांबतो ते बघायला मिळतं. तर भाऊ, तुमचा उत्साह कमी झालाय असं मला वाटत नाही. तुमची गाडी एकाच वेळी चार बाजूंनी उघडली गेलीय. इंजिन आल्याशिवाय माउंटिंग, म्हणजे ते चासीवर बसतं त्या जागा, बघता येत नाही, माउंटिंग बघितल्याशिवाय केबिन बसवता येत नाही, केबिन बसवल्याशिवाय वायरिंग नाही, आणि इंजिन त्या वर्कशॉपवाल्याच्या मर्जीवर. म्हणजे रविवारी तुम्ही शेडवर गेलात तरी संध्याकाळपर्यंत पूर्ण होईल असं एकही काम तिथे शिल्लक नाहीये. अशा ठिकाणी कोणाचंही मन लागणार नाही, माझं पण नाही लागत.

आता हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधीच सांगतो. शेडचं भाडं किती, महिन्याला किती पैसे बाजूला काढता येतात, तुम्ही स्वतः किती हात घाणेरडे करणार आणि किती काम बाहेर देणार, याच्यावर उत्तर बदलतं. ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे तो दहा वर्षं लावू शकतो, भाड्यावाल्याला ते परवडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी तयार झाल्यावर ती उभी कुठे करणार आणि तिचं करणार काय. ठाण्यात किंवा दिव्यात कुठली सोसायटी ट्रक आत घेणार आहे? लोक हा विचार शेवटी करतात, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचं काम मंदावतं ते मनात कुठेतरी हे टोचत असतं म्हणून, की तयार झाली तर हिचं करायचं काय.

यातच कागदाचा विषय येतो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षांच्या वर झालेली गाडी, नंबरात व्हीए अशी वेगळी सीरिज, नवीन रजिस्ट्रेशनला २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, पुन्हा करायला ५,०००. पण त्यात दोन अटी आहेत ज्या ट्रकवाल्याने नीट वाचायला पाहिजेत. एक म्हणजे गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल नको. दुसरं म्हणजे ती रोज रस्त्यावर चालवायची नाही, धंद्याला तर नाहीच, रॅली, प्रदर्शन, पेट्रोलपंप, दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची. शिवाय नियमात शब्द दुचाकी आणि चारचाकी असे आहेत आणि तुमच्या ट्रकला मागे जोड चाकं, त्यामुळे पुढे पैसे घालायच्या आधी ठाणे आरटीओत अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. हे मी मुद्दाम मोटिव्हेशनच्या उत्तरात सांगतोय, कारण शेवटी काय मिळणार तेच माहीत नसेल तर मधलं कष्टाचं वर्ष कोणी काढत नाही.

आता करायचं काय. पुढचे दोन-तीन रविवार एकही नट उघडू नका. फक्त मोजदाद. तीन वर्षांपूर्वी काय कुठून काढलं ते आता तुमच्या डोक्यात नाहीये, कितीही वाटलं तरी नाहीये. सगळे डबे, पोती, गोण्या बाहेर काढा, प्रत्येक वस्तूचा फोटो, झिपवाल्या पिशव्या आणि मार्कर, आणि पिशवीवर "ब्रॅकेट" असं लिहू नका, "डावं मडगार्ड, मागचं ब्रॅकेट, चासीच्या बाजूचे बोल्ट" असं लिहा. बोल्ट काढला की त्याचा नट त्यालाच परत चढवून ठेवायचा ही सवय लावा. या कामाला अक्कल लागत नाही, अंगमेहनत फार नाही, आणि संध्याकाळी शेड बघितलं की खरंच बरं वाटतं. दुसरं म्हणजे यातून काय हरवलंय ते कळतं. लोक सहा महिने ज्या पार्टसाठी कुर्ल्याच्या फेऱ्या मारतात तो कधीकधी त्यांच्याच गोणीत तळाला असतो.

मग बाहेर गेलेलं सामान परत आणा. इंजिन त्या वर्कशॉपमध्ये किती दिवस पडलंय ते तुम्ही लिहिलं नाहीये पण तुमच्या बोलण्यावरून बरेच महिने असणार. त्यांनी काम केलं असो वा नसो, हिशोब करा आणि तुमच्या छताखाली आणा. बाहेर काम देताना माझा नियम एवढाच आहे की एका माणसाकडे एका वेळी एकच वस्तू, ती परत आली की पैसे, मग दुसरी. डायनामो आणि सेल्फ (स्टार्टर मोटर) एकदम दिले की दोन्ही अडकतात. मोठा अॅडव्हान्स तर अजिबात नको. अॅडव्हान्स घेतलेल्या मिस्त्रीला तुमच्या कामाची घाई नसते, कारण रोज दारात उभी असलेली चालू गाडी आधी, तुमची जुनी नंतर, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं पण बरोबर आहे.

यानंतरचा क्रम मी सांगतो तो बऱ्याच जणांना पटत नाही, कारण सगळ्यांना आधी केबिन चकाचक झालेली बघायची असते. माझं म्हणणं, आधी चासी चाकांवर. अॅक्सल, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), शॅकल (पाटा चासीला जोडणारे दुवे), किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खीळ), स्टिअरिंग बॉक्स, ब्रेक, टायर. २० इंची नायलॉन टायर अजून मिळतात. पाटे कळंबोलीला ट्रक टर्मिनलच्या भागात पाटेवाल्याकडून नीट करून मिळतात, त्याला जुन्या गाडीचं काही अप्रूप नसतं, त्याच्यासाठी पाटा म्हणजे पाटा, आणि आपल्याला तेच हवं असतं. चासी ढकलता आली की दोन गोष्टी होतात. शेडमालकाने उद्या जागा रिकामी कर म्हटलं तर तुमच्याकडे उत्तर असतं. आणि तोपर्यंत जो एक सांगाडा होता तो गाडी वाटायला लागतो. मात्र चाकाची लॉक रिंग, म्हणजे टायर डिस्कवर धरून ठेवणारी लोखंडी कडी, बसवताना हवा स्वतः भरू नका, नुसत्या चाकाला शेडमध्ये कॉम्प्रेसर लावून तर नकोच, रिंग उडाली तर माणूस जातो. ते काम ट्रकच्या टायरवाल्याकडे, पिंजऱ्यात किंवा साखळी बांधून.

दुसरं इंजिन, आणि ते चालू करून. रंगाच्या आधी, केबिनच्या आधी. इथे थोडं सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त जीव इथे परत येतो. पहिलं म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर आरसी बुकशी जुळवून बघा. टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, मर्सिडीजवाल्या डायमलर बेंझशी करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला, त्यानंतर जाळीवरचा मर्सिडीजचा तारा गेला आणि टाटाचा टी आला. सुरुवातीच्या या गाड्यांत ३१२ इंजिन, सहा सिलेंडर, साधारण ४.६ लिटर, ९० मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा आतला व्यास), हीटर प्लगवालं. पण या गाड्या धंद्यात राबल्यात, इंजिन कधी बदललं गेलं ते घरच्यांना पण माहीत नसतं, त्यामुळे आत ६९२ किंवा ६९७ निघालं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. त्या आकड्यात पहिला ६ म्हणजे सिलेंडर आणि पुढचे दोन म्हणजे बोअर, ९२ आणि ९७ मिलिमीटर. ६९७ असेल तर सामान सहज मिळेल पण मूळ स्वरूपाचा प्रश्न येईल. ३१२ असेल तर उलट. हे आत्ता कळलं तर पिस्टन, लायनर, गॅस्केटची खरेदी सरळ होते.

इंजिन जॅम असेल तर हीटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून प्रत्येक सिलेंडरमध्ये थोडं डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण टाकून ठेवा, आठवडाभर तरी, मग फ्लायव्हीलला बार लावून हाताने थोडं पुढे थोडं मागे. सेल्फ मारायचा नाही, पिस्टनची रिंग नाहीतर कनेक्टिंग रॉड जातो. डिझेल पंप आणि नोझल पंपवाल्याकडेच, तिथे जुगाड नको. आणि पहिल्यांदा स्टार्ट करताना हवा जाते त्या तोंडाजवळ एक माणूस जाड फळी घेऊन उभा करा. या जुन्या पंपांत न्यूमॅटिक गव्हर्नर असतो, म्हणजे हवेच्या ओढीवर डिझेल कमीजास्त करणारा भाग, त्याचा डायफ्राम फाटका असला किंवा व्हॅक्यूमची नळी निसटली तर पंप पूर्ण डिझेल देतो आणि इंजिन सुसाट सुटतं, किल्ली काढून ते बंद होत नाही, हवा कोंडली की बंद होतं. हाताने कोंडायला जाऊ नका, फळीच.

पण एकदा का ते सहा सिलेंडर स्टँडवर धूर सोडत चालू झाले ना, तर तुम्हाला मोटिव्हेशन विचारायची गरज पडणार नाही. आजूबाजूच्या शेडमधले लोक येतात, एखादा रिटायर्ड ड्रायव्हर कुठून तरी उगवतो आणि सांगायला लागतो की वाशी मार्केटला कांदा घेऊन यायचो या गाडीने, घाटात दुसऱ्या गिअरला कशी यायची वगैरे. अशा माणसाला चहा पाजा आणि धरून ठेवा. त्याला क्लचची उंची, स्टिअरिंगचा प्ले, कुठला आवाज बरोबर आणि कुठला नाही हे सगळं कानाने माहीत असतं, आणि पुढच्या रविवारी तो येणार म्हणून तुम्हाला पण जावंच लागतं. एकट्याने केलेले प्रोजेक्ट जास्त अडकतात हे मी नक्की बघितलंय.

तिसरं केबिन, आणि इथेच लोक कंटाळून काम सोडतात. खरं कंटाळवाणं काम हेच, पत्रा कापा, घासा, पुन्हा बसवा, पुन्हा काढा, चार महिने काम करून पण बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसत नाही. दोन गोष्टी सांगतो. त्या काळात बऱ्याच गाड्या कंपनीकडून चासी आणि काउल (बोनेट आणि काचेखालचा पुढचा पत्रा) एवढ्याच यायच्या, केबिन आणि हौदा बॉडीवाला बनवायचा, लाकडी फ्रेमवर पत्रा ठोकून. तुमची तशी असेल तर आधी सुतार लागेल, मग पत्रेवाला. कुजलेल्या लाकडावर नवीन पत्रा मारून काही उपयोग नाही. आणि अशी केबिन असेल तर "कंपनीसारखं" करायचा अट्टहास सोडा, कारण मुळात ते कंपनीचं नव्हतंच. आजोबांचा जुना फोटो असेल तर त्यातला हौदा कसा होता, फाळक्यावर, म्हणजे हौद्याच्या झडपेवर, काय रंगवलं होतं, ते तुमचं ओरिजिनल.

दुसरी गोष्ट, केबिनचे तुकडे करा, कामाचे. पूर्ण केबिन हे एक काम नाही. डाव्या दरवाजाचा खालचा पत्रा हे एक काम. फ्लोअरचा ड्रायव्हरकडचा भाग हे एक. काचेच्या खालचा कोपरा हे एक, तिथे पाणी साचून हमखास सडलेलं असतं. जे हातात घ्याल ते गंज काढून, वेल्ड करून, इपॉक्सी प्रायमर मारूनच सोडायचं, मगच पुढचं. अख्ख्या केबिनला एकदम घासून ठेवायची आणि मग वेल्डर शोधायला निघायचं हे नको. लांबी, म्हणजे पुट्टी, पातळ थरात, फक्त लेव्हलसाठी, भोक बुजवायला नाही. लांबीने भरलेला दरवाजा दोन पावसाळ्यांत फुगतो आणि तेव्हा जो मूड जातो तो परत येत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पत्र्याचं आणि रंगाचं काम जवळपास बंदच समजा. खाडीची दमट हवा, सकाळी वाळूच्या माऱ्याने ब्लास्ट करून साफ केलेला पत्रा संध्याकाळपर्यंत लालसर पडतो, रंग पांढरट होतो, पॉलिश पेपरने घासून परत मारायचा. आणि रेड ऑक्साइड मारलाय म्हणून निर्धास्त राहू नका, तो नुसता ठेवला तर ओल पितो, खालून गंज चालूच राहतो. लोक काय करतात, चार महिने काही करता येत नाही म्हणून जाणंच बंद करतात, आणि गणपतीनंतर पुन्हा सुरू करायचं म्हणतात, मग दिवाळी येते, मग लग्नसराई. त्यापेक्षा टेबलावरची कामं पावसाळ्यासाठी राखून ठेवा. डायनामो, सेल्फ, वायपर मोटर, मीटर, स्टिअरिंग बॉक्स, व्हील सिलेंडर, वायरिंगचा नवा हार्नेस. यातलं बरंचसं घरी गॅलरीत पण होतं, फक्त ग्रीसचे डाग कशावर पडतात ते सांभाळा, नाहीतर घरचा जो थोडाफार पाठिंबा आहे तो पण जाईल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मग पत्रा आणि रंग.

पार्टच्या शोधात जी शक्ती जाते त्याबद्दल थोडंसं. "टाटा मर्सिडीजचं बेअरिंग द्या" असं विचारत फिरलात तर दिवस जातो आणि नाही म्हणून परत येता. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन मुंबईत नागदेवी स्ट्रीटला जा, ६३०८ म्हणजे ६३०८, ते ट्रकचं आहे का पिठाच्या गिरणीचं याच्याशी दुकानदाराला घेणं नाही. नंबर पुसला गेला असेल तर व्हर्नियरने माप घ्या, आतल्या मापाला पाचने भागलं की नंबरातले शेवटचे दोन आकडे मिळतात, ४० मिलिमीटर म्हणजे ०८. ऑइल सील पण आतलं माप, बाहेरचं माप, जाडी यावर मिळतं. जे खरंच फक्त याच गाडीचं आहे, म्हणजे मीटर, जाळी, हँडल, दिव्याच्या रिंगा, त्यासाठी कुर्ला सीएसटी रोड आणि जुने स्क्रॅपवाले. आणि जाळीवरचा तारा शेवटी शोधा बरं का. ब्रेक नसलेल्या गाडीचा तारा शोधत फिरणारे लोक मला माहीत आहेत, तारा मिळतो, गाडी तिथेच असते.

रविवारचं पण एक सांगतो. निघायच्या आधी शेवटची पंधरा मिनिटं पुढच्या वेळची तयारी करा. काय करायचं ते खडूने भिंतीवर लिहा, लागणारा पाना, सॉकेट, छिन्नी त्याच जागी काढून ठेवा. नाहीतर पुढच्या वेळी पहिला दीड तास हत्यारं शोधण्यात आणि "कुठून सुरू करू" यात जातो, आणि तोच तर तुमचा तासभर आहे ज्यानंतर तुम्ही परत जाता. पैशाचं पण तसंच, दर महिन्याला एक ठराविक रक्कम, कमी असली तरी चालेल, आणि ती फक्त चालू असलेल्या कामावर. सीट कव्हर स्वस्तात मिळालं म्हणून घेऊन ठेवायचं नाही, सीटच नाहीये अजून.

आता विकायचं का, हे घरचे म्हणतात त्याबद्दल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण आत्ताच्या अवस्थेत विकलात तर भंगाराच्या भावाच्या जरा वर मिळेल, कारण तुकड्यातली गाडी घेणारा पहिल्यांदा हेच धरतो की यात अर्धं सामान नाही. चाकांवर उभी, इंजिन चालू, सगळं सामान लेबल लावून, अशी गाडी असेल तर घेणारा माणूसच वेगळा असतो. म्हणजे ठेवायची असली तरी आणि विकायची असली तरी पुढचं काम तेच आहे, चासी आणि इंजिन. निर्णय त्यानंतर घ्या, आत्ता कंटाळ्यात नको. आणि काही कारणाने सहा महिने-वर्ष थांबायचंच असेल तर रीतसर थांबा, सिलेंडरमध्ये ऑइल टाकून भोकं बंद करा, ब्रेकच्या नळ्यांची तोंडं बुजवा, केबिन जमिनीवरून उचलून पॅलेटवर ठेवा, आणि वर ताडपत्री टाकलीत तर बाजूने हवा खेळती राहू द्या. घट्ट प्लास्टिक गुंडाळलं की आत दव धरतो आणि उघड्यापेक्षा जास्त गंजतं.

शेडवर जाल तेव्हा ब्लॉकवरच्या नंबराचा आणि पंपाच्या प्लेटचा फोटो टाका, आणि केबिनच्या दरवाजाच्या खांबात आत लाकूड आहे का पत्रा ते टॉर्च मारून बघा. एवढं कळलं की पहिली खरेदी कशाची करायची ते सांगतो, तोपर्यंत काहीही विकत घेऊ नका.